बिरड्याच्या दिवशी पेटी झाकून ठेवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ज्यू लोकांच्या संगीतावर आलेला लेख मी दुकानात बसून दोनदा वाचला. एकदा सरस तापेपर्यंत आणि दुसऱ्यांदा भाता चिकटवून त्यावर वजन ठेवल्यावर. लेख मेहनतीनं लिहिलाय, भाषाही छान आहे. पण त्यातली स्वरांची गोष्ट मला पटली नाही. आणि शेवटी सांगलीच्या महापुराला जोडून जो उपदेश केलाय, तो वाचून, स्पष्टच सांगतो, राग आला. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधून लावू नका.

मी सांगलीच्या गावभागात पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली. उमेदवारी मिरजेत केली. मला गाता येत नाही, कान तेवढा आहे. आमच्या धंद्यात त्यावर भागतं.

लेखात म्हटलंय की ज्यूंचे स्वरच मुळात दुःखी आहेत, दोन हजार वर्षांच्या हालअपेष्टा त्या स्वरांत मुरल्या आहेत. नातवाच्या फोनवर मी त्यांचं गाणं ऐकलं आणि समोरच्या पेटीवर शोधलं. पांढरी एकचा सा धरा. मग काळी एक, पांढरी तीन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच. कोमल रिषभावरून एकदम शुद्ध गंधारावर उडी, वर धैवत-निषाद कोमल. आपल्याकडं याला बसंत मुखारी म्हणतात, आणि त्याचं पूर्वांग म्हणजे चक्क भैरव. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर गाणं होतं, तिथं पहाटे भैरव लागला म्हणून कुणी डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला नाही. लोक चहाला उठतात. ज्यू परंपरेत या स्वरसमूहाला ‘अहवा रब्बा’ म्हणतात. एका प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून हे नाव पडलंय आणि त्याचा अर्थ ‘थोर प्रेम’. ‘हवा नगीला’ हे त्यांचं लग्नाकार्यात नाचायचं गाणं आपल्याकडंही पुष्कळांनी ऐकलंय, ते याच स्वरांत आहे. त्याचा अर्थ ‘चला, आनंद करूया’.

सूर रडका की हसरा हे पेटीतल्या पितळेच्या जिभेला ठाऊक नसतं. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. रडणं-हसणं लावणारा पट्टीच्या अलीकडं बसलेला असतो.

लावतात ते, नाही असं नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात वाजणाऱ्या व्हायोलिनमध्ये आणि क्लॅरिनेटमध्ये एक हुंदका मुद्दाम घेतात. त्याला ‘क्रेख्त्स’ म्हणतात, म्हणजे कण्हणं. पूर्वी लग्नाआधी नवरीला मधोमध बसवायचे आणि गाऊन गाऊन तिला रडवायचे. रडवण्यासाठी बोलावलेला माणूस वेगळा असे, त्याला त्याचे पैसे मिळत. ते आटपलं की तेच वादक नाचाची धून धरायचे. आणि नवरा मुलगा ऐन लग्नात पायाखाली काचेचा पेला फोडतो, तो जेरुसलेमचं मंदिर पडल्याची आठवण म्हणून. म्हणजे दुःख आहे, पण त्याची वेळ ठरलेली आणि जागा ठरलेली. हे मला लेखात कुठं सापडलं नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

१९९१ च्या सुमारास एक बाई पेटी घेऊन आल्या. इथल्याच एका शाळेत गणित शिकवायच्या. पेटी जुनी, आत सूर, म्हणजे त्या पितळी जिभा, जर्मन, भात्याला भोक. म्हणाल्या, ‘शनिवारी आणून देऊ नकोस, मी घेणार नाही.’ मी विचारलं, ‘शनीचं काही आहे का?’ हसल्या. म्हणाल्या, ‘आमचं आहे, शनीचं नाही.’ त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या, मूळच्या रेवदंड्याकडच्या. कोकणात त्यांच्या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आडनावाला आपल्यासारखंच ‘कर’, बोलणं आपल्यापेक्षा चोख मराठी. पेटी त्यांच्या आजोबांची. आजोबा कीर्तनाला साथ करायचे. कीर्तन कुणाचं, तर अब्राहामाचं, योसेफाचं! १८८० पासून मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी मराठीत कीर्तनं सुरू केली होती. साकी, दिंडी, ओवी सगळं आपलंच, आख्यान तेवढं त्यांच्या पोथीतलं. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तिथं आजोबा पेटीचा सूर कसा दाबून धरायचे, ते त्यांनी मला वाजवून दाखवलं. दुरुस्तीचे पैसे घ्यायला मी विसरलो. दुसऱ्या दिवशी येऊन देऊन गेल्या.

तेव्हापासून त्या मावशी झाल्या.

पावसाळ्यात, आपल्या आषाढ-श्रावणात, त्यांचा एक उपासाचा दिवस येतो. हिब्रूत त्याला तिशा बेआव म्हणतात, आव महिन्याची नवमी. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी त्यांचं पहिलं मंदिर पाडलं आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं. दोन्हींचा शोक त्याच तिथीला. आणि या एवढ्या मोठ्या शोकाच्या दिवसाला कोकणातल्या बेने इस्रायलांनी नाव काय दिलं असेल? बिरड्याचा सण! वालाच्या बिरड्यावरून. मी ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मावशीही हसल्या, पण त्यांचे हात वाल सोलत होते. भिजवून मोड आणलेला वाल, बोटाच्या चिमटीत धरून दाबायचा की साल एकीकडं आणि डाळ एकीकडं. पाण्याचं पातेलं, सालींचा ढीग. म्हणाल्या, ‘मंदिर पडलं ते ठीक आहे, पण उपास सोडायला घरात काहीतरी शिजायला नको का?’

त्या दिवशी पेटीवर चादर घातलेली असे. त्या जमिनीवर बसून ‘एखा’ वाचायच्या. जेरुसलेमच्या विध्वंसाचा हा विलाप, आणि त्याची चाल वर्षातून एकदाच लागते. रोमनांनी मंदिर पाडल्यानंतर शोक म्हणून त्यांच्या धर्मगुरूंनी उपासनेत वाद्यं बंद केली, तेव्हापासून सगळा भार गळ्यावर. माझा धंदा वाद्यांचा, त्यामुळं हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं होतं. पण दारात उभा राहून मी ऐकलं. दोन-तीन स्वरांत फिरायचं, ओळ संपताना खाली यायचं. विलाप म्हणतात तसा टाहो नव्हताच. पाढे म्हणावेत तसं चाललं होतं.

मी तसं म्हणालो तर गणिताच्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ‘बरोबर ओळखलंस. हिब्रूत अक्षरं बावीस. पहिल्या अध्यायात बावीस कडवी, एकेक अक्षरानं सुरू होणारं. दुसरा तसाच, चौथा तसाच. मधल्या तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन ओळी, म्हणजे सहासष्ट. शहर जळालं, पोरं उपाशी मेली, हे सगळं सांगायचं, पण अक्षरं संपली की थांबायचं.’ आणि पाचवा? पाचव्यात पुन्हा बावीसच ओळी, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. तिथं त्यांनी खांदे उडवले. ‘तिथं लिहिणाराही दमला असेल.’ त्या पुस्तकाची शेवटची ओळ फार कडू आहे. म्हणून ती वाचून झाली की तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणतात, देवा आम्हाला परत घे अशा अर्थाची, आणि मग उठतात. शेवटची ओळ खोडलेली नाही, तिच्यावर थांबायचं नाही एवढंच.

त्यांचे भाऊ गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणतात. त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाची थोरवी. आणि ते एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. सांगलीत दहा ज्यू पुरुष कुठून आणायचे? भाच्याला घेऊन पुण्याला गेल्या, रास्ता पेठेत. मी एसटीत बसवून दिलं. ‘रडायलासुद्धा कोरम लागतो रे आमच्यात,’ म्हणाल्या.

आता पुराचं.

२००५ च्या पाण्याची खूण माझ्या दुकानाच्या भिंतीवर होती. तिच्यावर हातभर उंच मी फळी मारून घेतली होती आणि पाऊस वाढला की पेट्या त्या फळीवर चढवायचो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. फळी कुठल्या कुठं राहिली. आम्ही विश्रामबागेत पाहुण्यांकडं. मी जिन्यात बसून असायचो, कारण घरात सगळे बातम्या लावून बसायचे.

रविवारी, ११ तारखेला, दुपारी मावशींचा फोन आला. त्या तोवर ठाण्याला भाचीकडं राहायला गेल्या होत्या, ऐंशीच्या घरात. आवाज बारीक झालेला, उपास होता. म्हणाल्या, ‘आज आमचं बिरड्याचं. तुझ्या पेट्या किती गेल्या?’

मी म्हणालो, ‘सगळ्या.’

‘सगळ्या म्हणजे किती?’

‘मोजल्या नाहीत, मावशी.’

‘मग मोज. मी आहे फोनवर.’

मी मोजायला लागलो. सांगलवाडीच्या भजनी मंडळाची, साडेतीन सप्तकी, तिचा फक्त भाता बदलायचा होता. एक कवलापूरच्या शाळेची. एक तासगावच्या गुरुजींची, पालिताण्याच्या सुरांची, त्यांनी आगाऊ पैसे दिले होते. प्रत्येकीनंतर मावशी ‘आणि?’ म्हणायच्या. बाकी एक शब्द नाही. कुणाची होती, काय झालं होतं, किती काम उरलं होतं, सगळं सांगायला लावलं. सोळा झाल्या. मी गप्प. ‘आणि?’ म्हणाल्या. त्यांना माहीत होतं. सतरावी आमच्या घरची. माझी बायको त्या पेटीवर गल्लीतल्या पोरांना शिकवायची. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पेटी दुरुस्तीला म्हणून दुकानात आणली होती, खरं तर दुरुस्तीसारखं तिला काही झालं नव्हतं. घरात दिसायला नको म्हणून आणली होती.

सतरावी सांगितली. मावशी जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, ‘बाबिलोनात नेलं ना आमच्या लोकांना धरून, त्यांनी नदीकाठी झाडांवर वाद्यं टांगून ठेवली, असं आमच्या स्तोत्रात आहे. तू फळीवर कशाला ठेवल्यास? झाडावर टांगायच्या होत्यास.’ मी जिन्यात मोठ्यानं हसलो. आणि मग ते हसणं राहिलं नाही. पाहुणे दार उघडून बघायला आले.

आता त्या लेखातला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा, संपादक महाराज. ज्यूंनी दुःखाचं सोनं केलं तसं सांगलीकरांनीही महापुरात अर्थ शोधावा, अशा अर्थाचं आहे. हे आम्ही तेव्हाही ऐकलंय. चिखल काढून हात सोललेले असताना एक गृहस्थ आमच्या गल्लीत येऊन दुःख माणसाला शुद्ध करतं, यावर बोलून गेले. बरोबर बिस्किटांचे पुडे आणले होते, ते आम्ही घेतले. शुद्ध व्हायचं तर आधी नळाला पाणी पाहिजे होतं.

लेखात व्हिक्टर फ्रँकल यांचा दाखला दिलाय. नातवाकडून त्यांची माहिती काढून घेतली. व्हिएन्नाचे डॉक्टर, नाझींच्या चार छावण्यांतून जिवंत सुटले. वडील, आई, भाऊ, बायको, चौघंही छावण्यांत गेली. माणसाला दुःखातही अर्थ सापडू शकतो, असं त्यांनी १९४६ मध्ये लिहिलं. पण त्याच माणसानं हेही लिहिलंय की अर्थ सापडायला दुःख हवंच असं नाही, आणि जे टाळता येतं ते दुःख टाळणं हेच अर्थाचं काम. हे वाक्य तुमच्या लेखात आलं नाही. आलं असतं तर पूररेषेच्या आत बांधकामं कशी उभी राहतात आणि धरणांतून पाणी केव्हा सोडायचं हे कोण ठरवतं, इकडं वळावं लागलं असतं. तो विषय वेगळा, त्यावर तुमच्या पानांवर पुष्कळ भांडण झालंय.

आणि छावण्यांतलं संगीत म्हणाल, तर ऑशविट्झमध्ये कैद्यांचे वाद्यवृंद होते. सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी परत येताना त्यांना मार्च वाजवावे लागायचे, म्हणजे रांगा तालात चालतील आणि मोजायला सोप्या जातील. बायकांच्या वाद्यवृंदाच्या प्रमुख अल्मा रोझे, व्हिएन्नाच्या नामांकित व्हायोलिनवादकाची मुलगी, १९४४ मध्ये तिथंच गेल्या. तिथली धून दुःखी नव्हती, चांगली ठसकेबाज होती. म्हणून म्हणतो, स्वरावरून माणसाच्या हालांचं माप काढू नये.

कुणी म्हणेल, आपल्या तुकोबांनीही दुष्काळानं पीडा केली ते बरं झालं, दिवाळं निघालं ते बरं झालं, असं देवाला सांगितलंय. सांगितलंय. त्याच तुकोबांनी बायको अन्न अन्न करत मेली हेही सांगितलंय, ते झाकलं नाही. आणि ‘बरं झालं’ म्हणाले ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल. देहूतल्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन, तुझी बायको मेली ते बरं झालं, असं म्हणाल्याचं कुणी ऐकलंय का? फ्रँकल यांनी स्वतःचं लिहिलं. मावशींचे लोक स्वतःचं मंदिर, स्वतःची नवमी धरून बसतात. लेखकानं स्वतःचं काही गेलं असेल तर त्याचा अर्थ जरूर शोधावा, मी आदरानं वाचीन. माझ्या सतरा पेट्यांचा शोधू नये. मावशींच्या मागं अडीच हजार वर्षांचा विलाप होता, तरी त्या दिवशी फोनवर त्यांनी मला अर्थबिर्थ काही सांगितला नाही. ‘आणि?’ एवढंच विचारत राहिल्या.

पाणी उतरल्यावर पेट्या हातात घेतल्या तर सरस विरघळून सांधे सुटलेले, लाकूड फुगलेलं, लोखंडी स्प्रिंगा गंजलेल्या. सूर मात्र पितळेचे, त्यांना नुसता हिरवट थर आणि जिभेखाली गाळ. सोळा पेट्यांचे सूर काढून, धुऊन, घासून मी नव्या खोक्यांत बसवले, दोन वर्षं लागली. मधे २०२१ चं पाणी येऊन गेलं. सतरावीचे चौऱ्याऐंशी सूर ओळीनं कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. खोक्याचं लाकूड अजून निवडलेलं नाही. नातू विचारतो कधी करणार. बघू.

मावशी कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या आधी गेल्या. त्यांची पेटी ठाण्याहून भाचीनं माझ्याकडं पाठवली. ती शनिवारी मी उघडत नाही. दुकान शनिवारी चालू असतं, ही पेटी तेवढी बंद. बिरड्याच्या दिवशी तिच्यावर चादर घालतो. वाल मात्र मला सोलता येत नाहीत, सून सोलते.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. गावभागात पेटीवाला म्हटलं की कुणीही दुकान दाखवतं.

आपला,
एक वाचक, सांगली

ता. क. लेखासोबतच्या फोटोखाली ‘मुंबईतील एक जुने चर्च’ असं छापलंय. ते चर्च नाही आणि मुंबईतही नाही. ते पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, डेव्हिड ससून यांनी बांधवून घेतलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. लाल विटा आणि उंच मनोरा पाहून पुष्कळांची गल्लत होते. मावशींनी पाहिलं असतं तर पहिली चूक ही काढली असती, आणि लाल शाईनं.